खिडकीतून उडी मारली ती अजून पलंगाखालीच आहे

ठकीची आई

आमची मांजर ठकी चौदा महिन्यांची. दोन महिन्यांची होती तेव्हा घरी आली. नसबंदी झाली आहे, लसी झाल्या आहेत, घराबाहेर जात नाही. घरात मी, नवरा आणि नऊ वर्षांची मुलगी. दाराची बेल वाजली की आमच्या आधी दारात जाऊन उभी राहणारी, आलेल्या माणसाची पिशवी हुंगून झाल्याशिवाय त्याला पुढे न सोडणारी अशी ही पोर. रात्री झोपायची ती माझ्या गुडघ्यांमागच्या खाचेत. मी कूस बदलली की कुरकुरायची.

बारा दिवसांपूर्वी, रात्री पावणेदहा झाले असतील, ठकी बाहेरच्या खोलीत खिडकीत बसली होती. मुलगी तिथेच शेजारी दप्तर भरत होती. भिंतीला टेकवून ठेवलेलं इस्त्रीचं टेबल घसरलं आणि धाडकन फरशीवर आपटलं. कशाने घसरलं कळलं नाही, कुणाचा हात लागला नव्हता. ठकीच्या अंगावर पडलं नाही, चांगलं दोन हात लांब पडलं. पण आवाज असा की मी आतून धावत आले. ठकीची शेपूट बाटली घासायच्या ब्रशसारखी फुगलेली, पाठीची कमान झालेली, आणि ती मुलीकडे बघून फिस्कारत होती. मुलीने हात पुढे केला तसा तिने पंजा मारला आणि थेट आतल्या खोलीत पलंगाखाली.

तेव्हापासून मुक्काम तिथेच. दिवसभर बाहेर येत नाही. आम्ही झोपल्यावर कधीतरी येऊन खाते, शी-शूच्या ट्रेमध्ये जाऊन येते, सकाळी वाटी अर्धी रिकामी दिसते. नवऱ्याच्या पावलांचा आवाज आला तरी भिंतीला चिकटते. मुलगी दारात दिसली तर अजूनही फिस्कारते. बाहेरच्या खोलीत तर गेलेलीच नाही.

तिसऱ्या दिवशी आमच्या हातून चूक झाली ती लिहिते. वाटलं एकदा जवळ घेतलं की शांत होईल. नवऱ्याने गादी उचलली, मी तिला ओढून बाहेर काढलं आणि छातीशी धरून बसले. ती थरथरत होती. मिनिटभरात माझ्या दंडावर ओरखडे काढून पळाली. त्याआधी निदान माझ्या हाकेला ‘म्याँव’ तरी यायचं, आता तेही बंद झालंय.

पलंगाखालची जागा खोके लावून बंद करावी का, म्हणजे तिला बाहेर राहावं लागेल? की रोज थोडा वेळ जबरदस्तीने का होईना मांडीवर घ्यावं? सोबतीला दुसरं पिल्लू आणलं तर सुधारेल असं एकांनी सुचवलंय. मुलगी रोज रात्री विचारते, माझं काय चुकलं? तिला काय सांगू?


तीन मांजरांचं घर

ताई, या तिन्हींपैकी काहीच करू नका. आणि सगळ्यात आधी डॉक्टरकडे.

तुम्ही म्हणाल टेबल अंगावर पडलंच नाही. बरोबर. पण मांजर दुखणं लपवतं. आमची मधली एकदा अशीच चार दिवस कपाटामागे जाऊन बसली होती. आदल्या दिवशी शेजाऱ्यांकडे भिंतीत ड्रिल चालू होतं, आम्ही म्हटलं त्याचाच धसका. पाचव्या दिवशी डॉक्टरांनी तोंड उघडून बघितलं तर दाढ तुटलेली. ड्रिलचा काही संबंध नव्हता. हसतं-खेळतं मांजर एकाएकी बदललं की आधी शरीर तपासायचं, मग मनाकडे वळायचं, हे तेव्हापासून मी पक्कं धरलंय.

तोवर लक्ष ठेवा. वाटी अर्धी रिकामी होते म्हणता, ते चांगलं आहे, पण अंदाजावर राहू नका, स्वयंपाकघरातल्या काट्यावर खाणं तोलून ठेवा आणि सकाळी उरलेलं तोला. पूर्ण २४ तास काहीच पोटात गेलं नाही तर डॉक्टरना फोन करा. मांजर काही दिवस उपाशी राहिलं तर अंगातली चरबी यकृतात साठायला लागते आणि ते जिवावर बेतू शकतं. ट्रेमधल्या वाळूत होणारे लघवीचे गोळे मोजा. वारंवार ट्रेमध्ये बसते पण काही होत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघायची नाही, त्याच वेळी निघायचं. बोक्यांमध्ये हा धोका फार असतो, पण मादी आहे म्हणून सोडून देऊ नका.

आणखी एक, याला तिला हात लावावा लागत नाही. ती गाढ झोपलेली असताना लांबूनच बरगडीची हालचाल मोजा, मिनिटभर. श्वास ३० च्या आत हवा. त्याहून सतत जास्त असेल, किंवा तोंड उघडं ठेवून धापा टाकत असेल, तर पुन्हा तेच, लगेच डॉक्टर.

घरातली माणसांची वेदनाशामक गोळी चुकूनही देऊ नका. पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, तुकडासुद्धा. हे मी प्रत्येक ठिकाणी लिहिते, कंटाळा आला तरी लिहिणार.


भुऱ्याचे बाबा

ठकीच्या आई, तुमचा प्रश्न वाचला आणि आमच्या भुऱ्याचे ते पाच आठवडे डोळ्यांसमोर आले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

भुऱ्या तेव्हा वर्षाचा होता. छताचा पंखा दुरुस्त करायला आलेल्या माणसाच्या हातून शिडी सटकली. आमचा हा शिडीखाली लोळत पडलेला. लागलं काहीच नाही. पण पुढे माणूस दिसला की आधी हातात काय आहे ते बघायचा. मी हातात झाडू घेतला तरी गायब.

पहिली गोष्ट, पलंगाखालची जागा बंद करू नका. मी केली होती. दोन्ही बाजूंनी बॅगा लावल्या आणि तो वॉशिंग मशीनच्या मागे, पाइप आणि भिंत यांच्या फटीत जाऊन बसला. तिथून काढताना आम्ही दोघंही रडकुंडीला आलो. लपायला जागा आहे या भरवशावरच मांजर बाहेर पडतं. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त विद्यापीठात २०१४ साली यावर काम झालं आहे. निवाऱ्यात नव्याने आलेल्या मांजरांपैकी काहींना लपायला खोका दिला, काहींना नाही. ज्यांना खोका मिळाला ती लवकर स्थिरावली. तेव्हा तुम्ही जागा काढून घेऊ नका, उलट वाढवा. पुठ्ठ्याचा खोका घ्या, एकाऐवजी दोन तोंडं कापा, म्हणजे आत कोंडल्यासारखं वाटणार नाही. आत तुमचा न धुतलेला टी-शर्ट. हा खोका पलंगाच्या कडेला, अर्धा आत अर्धा बाहेर. दोन-तीन दिवसांनी वीतभर बाहेर ओढा, ती नसताना.

दुसरं, सध्या सगळं घर तिला झेपणारं नाही. ती ज्या खोलीत आहे तीच तिची. पाणी, खाणं, ट्रे तिथेच द्या. ट्रे खाण्यापासून लांब, समोरच्या कोपऱ्यात. आत्ता ट्रे बाहेर कुठेतरी असेल तर रोज रात्री तिथवर जाताना बिचारीला किती जीव मुठीत धरावा लागत असेल बघा.

आता तुमचं काम. काम म्हणजे काही न करणं, आणि माझ्या मते हेच सगळ्यात अवघड. मी रोज संध्याकाळी एकाच वेळी त्या खोलीत जायचो, पलंगाकडे पाठ करून जमिनीवर बसायचो आणि वीस मिनिटं काहीतरी हळू आवाजात वाचायचो. त्याला हाक नाही, खाली वाकून बघणं नाही. वाकून बघितलं की पलंगाखालच्या जिवाला काय दिसतं? अचानक एक भलंमोठं तोंड, रोखलेले डोळे, मागे उजेड. मी स्वतः एकदा आडवा होऊन तिथून खोलीकडे बघितलं होतं. माणसांचे फक्त पाय दिसतात. येणारे पाय कोणाचे, कुठे जाणार, काहीच कळत नाही. त्या दिवसापासून मी खोलीत शिरताना दारातून बोलत शिरायला लागलो.

उठताना चमचाभर ओलं खाणं बशीत ठेवायचं आणि निघून जायचं. पहिले चार दिवस मी गेल्यावर अर्ध्या तासाने खायचा. मग दार लावल्याबरोबर. नवव्या दिवशी मी अजून खोलीत असताना मागून चाटण्याचा आवाज आला. मला मान वळवून बघायची इतकी इच्छा झाली होती! नाही वळवली.

बाराव्या दिवशी स्वयंपाकघरात झाकण पडलं आणि सगळं पुन्हा पहिल्या दिवसावर गेलं असं वाटलं. पण तसं नसतं. पहिल्या वेळी बाहेर यायला त्याला आठवडा लागला होता, या वेळी दीड दिवस. घाबरलेल्या मांजराच्या अंगातला ताण तासाभरात उतरत नाही. तो उतरायच्या आत दुसरा धक्का बसला तर पहिल्यावर दुसरा चढतो, आणि मग चमचा पडला तरी आभाळ कोसळल्यासारखी पळतात. म्हणून हे काही आठवडे घर जरा मऊ ठेवा. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोप्या, दारांना थांबे, मिक्सर लावायचा तर आधी तिच्या खोलीचं दार ओढून. माणसाला २० किलोहर्ट्झपर्यंतचा आवाज ऐकू येतो, मांजराला ६० च्याही वरचा. आपल्याला शांत वाटणाऱ्या खोलीत चार्जरची बारीक शीळ त्यांना ऐकू येत असू शकते.

नजर भिडली तर रोखून बघू नका. पापण्या सावकाश मिटा, सावकाश उघडा, मान फिरवा. मला आधी हे भाबडेपणाचं वाटलं होतं, पण २०२० मध्ये इंग्लंडच्या ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी हे तपासून बघितलं. माणसाने असे डोळे मिटले की मांजरंही डोळे बारीक करतात, आणि अनोळखी माणसाने केलं तरी त्याच्या हाताकडे यायची शक्यता वाढते.

दुसरं पिल्लू आत्ता नको. जिला स्वतःचं घर परकं झालंय तिच्या घरात आणखी एक परका वास कशाला?

मुलीबद्दल शेवटी लिहितो कारण ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटलं. तिचं काहीही चुकलेलं नाही, हे तिला आजच सांगा. मोठा धक्का बसतो त्या क्षणी मांजरासमोर जे असतं ते त्या धक्क्याशी जोडलं जातं. एका फटक्यात. तुमची मुलगी समोर होती, एवढंच. ही गाठ सुटते. पण ती मुलीलाच सोडवता येईल, तुम्ही तिच्या वतीने नाही. खोलीत वाचत बसायचं काम तिला द्या.


ठकीची आई

तुम्हा दोघांचं वाचून काल डॉक्टरकडे जाऊन आलो. पुन्हा ओढून काढायचं नव्हतं, म्हणून आधी फोनवर विचारलं. त्यांनी सांगितलं, कॅरियरचं, म्हणजे मांजर न्यायच्या पेटीचं, वरचं झाकण काढून नुसता खालचा भाग तिच्या टॉवेलसकट पलंगाजवळ ठेवा. दोन रात्रींत ती त्यात जाऊन बसायला लागली. मग हलकेच टॉवेल वरून पांघरला, झाकण बसवलं, कापड टाकून निघालो. जाण्याआधी द्यायला त्यांनी भीती कमी करणारं औषध तिच्या वजनाप्रमाणे दिलं होतं. तिथे त्यांनी तिला बाहेर काढलंच नाही, झाकण उघडून त्याच टबात तपासलं.

आणि ऐका. उजव्या पुढच्या पायाचं एक नख मुळाशी चिरलेलं होतं. बहुतेक त्या उडीतच. बाहेरून काही दिसत नव्हतं, पण दाबल्यावर ती ओरडली. म्हणजे मी तिला पलंगाखालून ओढलं तेव्हा बहुतेक त्याच पायाला धरून ओढलं होतं. डॉक्टरांनी नख कापून साफ केलं, पाच दिवसांचं दुखण्याचं औषध दिलं. मला फार वाईट वाटतंय. इतके दिवस तिला दुखत होतं आणि मी तिच्या मनाचाच विचार करत बसले होते.

बाकी शरीर ठीक आहे. वजन थोडं उतरलंय.

ट्रे आत आणलाय. खोका केलाय. मुलीला तुमचं लिहिलेलं जसंच्या तसं वाचून दाखवलं. ती म्हणाली, “म्हणजे तिला मी टेबल वाटले?” आणि मग कितीतरी वेळ माझ्या कुशीत रडली.


शांत कोपरा

मला थोडं वेगळं वाटतं. घाबरलेलं असताना लाड केले की भीती पक्की होते असं ऐकलंय. माझ्या मांजराला मी सरळ दुर्लक्ष करून मोकळं सोडलं होतं, खोलीबिली काही नाही. आलं आपलं आपण. एवढं सगळं करण्यात उलट तिला काहीतरी बिघडलंय असं जाणवत नाही का?


भुऱ्याचे बाबा

दुर्लक्षाबद्दल आपण एकाच बाजूला आहोत, मीही पाठ करून बसलो ते त्यासाठीच. पण लाडाने भीती पक्की होते हे मला पटत नाही. भीती म्हणजे काही हट्ट नाही, की पुरवला तर वाढेल. लहान मूल विजेला घाबरून पदरात शिरलं तर पदर दिला म्हणून त्याची भीती वाढत नाही. फरक एवढाच की पदरात यायचं की नाही ते त्याने ठरवायचं. ठकी आपणहून आली तर खुशाल कुरवाळा. आली नाही तर हात लांब करायचा नाही.

आणि मोकळं सोडणं सगळ्यांना मानवतं असं नाही. तुमचं मांजर कशाला घाबरलं होतं ते त्याच्यासमोरून गेलं असेल. ठकीच्या बाबतीत ते अजून तिथेच असेल तर? ठकीच्या आई, इस्त्रीचं टेबल कशाने पडलं हे कळलं का? तुम्ही लिहिलंय कुणाचा हात लागला नव्हता. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. त्या खिडकीकडे रात्री एखादा जुना मोबाइल रेकॉर्डिंगवर लावून ठेवता येईल का?


ठकीची आई

तीन रात्री लावला. पहिल्या रात्री काही नाही. दुसऱ्या रात्री ९ वाजून ४० मिनिटांनी बाहेरच्या कठड्यावरून एक बोका आला. थोराड, गालफडं भरलेला, एक कान फाटलेला. खिडकीच्या काचेला नाक लावून आत बघत राहिला, दोन मिनिटं हलला नाही. मग वळला, शेपूट उभी करून थरथरवली, काचेच्या खालच्या चौकटीवर फवारा मारला आणि गेला. तिसऱ्या रात्री पुन्हा, पाच मिनिटं पुढेमागे.

म्हणजे त्या रात्रीही तो असणार. ठकी काचेच्या आत, तो बाहेर, एकमेकांपासून चार बोटांवर. ती दचकून मागे उडाली असेल, टेबलाला तिचाच धक्का लागला असेल. आम्ही सगळे टेबलच धरून बसलो होतो.

आता उलगडतंय की ती बाहेरच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत रात्री येते, नाक वर करून हुंगते आणि परत फिरते. तिला तो वास येतोय. आम्हाला काहीच येत नव्हता. खिडकी उघडून चौकटीजवळ नाक नेलं तेव्हा आला, आणि असा आला की विचारू नका.

आता काय करू?


तीन मांजरांचं घर

अगदी नेहमीची गोष्ट आहे, आणि घरात कुणाच्या ध्यानीमनी येत नाही, कारण बोका जातो आणि भांडण घरात उरतं. काचेपलीकडच्या बोक्यापर्यंत तिचा पंजा पोचत नाही, मग जवळ जो असेल त्याच्यावर निघतो. म्हणून तुमच्या लेकीवर. दोन मांजरांच्या घरात तर यावरून जन्माच्या मैत्रिणी एकमेकींच्या जिवावर उठतात.

चौकट आतून-बाहेरून मूत्राचे डाग काढणाऱ्या एन्झाइमच्या क्लीनरने धुवा आणि आपोआप वाळू द्या. अमोनिया असलेलं काही नको, त्याचा वास मूत्रासारखाच येतो आणि बोका पुन्हा त्यावर आपली मोहर मारतो. ब्लीचही नको, मूत्रात मिसळलं की त्याचा विषारी वायू होतो. सुगंधी तेलं टाकून वास मारायला जाऊ नका, टी ट्रीसारखी तेलं मांजरांच्या अंगावर उलटतात.

काचेचा खालचा हातभर भाग दुधी कागद चिकटवून झाकून टाका. उजेड येतो, बोका दिसत नाही. तिला बाहेर बघायची हौस असेल तर दुसऱ्या, उंचावरच्या खिडकीपाशी जागा करून द्या, खालून कुणी समोर येऊच शकणार नाही अशी.

त्या बोक्याला हाकलून, पाणी फेकून काही साधत नाही, तो वेळ बदलून येतो. तो रस्त्यावरचाच असेल आणि तुमच्याकडे अशा मांजरांची नसबंदी करणारं कुणी असेल तर त्यांना कळवा. नसबंदी झाली की बहुतेक बोक्यांचं फवारणं पुष्कळ कमी होतं, आणि त्याच्या अंगावरच्या जखमाही.

ठकीच्या अंगाखालचं पांघरूण मात्र धुऊ नका. उलट एक मऊ रुमाल तिथे दोन दिवस ठेवा आणि मग तो बाहेरच्या खोलीत टेबलाच्या पायांना, दाराच्या कडेला, तिच्या गालाच्या उंचीवर पुसा. मांजर गाल घासून घर आपलं करतं. सध्या त्या खोलीवर फक्त बोक्याची सही आहे, तिची पुसली गेलीय.


ठकीची आई

आज चौतिसावा दिवस. बरेच दिवस लिहिलं नाही, कारण रोज वाटायचं उद्या नक्की काय ते दिसेल मग लिहू.

चौकट तीन वेळा धुतली तेव्हा वास गेला. दुधी कागद लावला. बोका दोन रात्री येऊन गेला, रेकॉर्डिंगमध्ये नुसती सावली दिसते. फवारा मारला नाही. इस्त्रीचं टेबल आता कपाटात आडवं ठेवलंय.

नख बरं झालं आणि चालणं बदललं. आधी ती भिंतीच्या कडेकडेने, पोट जमिनीला लावून जायची. एकविसाव्या दिवशी खोलीच्या मधून चालत गेली. चारच पावलं, पण मधून. मी दारात जागच्या जागी उभी राहिले.

मुलीचं सांगते. तिने रोज संध्याकाळी साडेसातची वेळ धरली. पलंगाकडे पाठ, मांडीवर पुस्तक. पहिल्या दिवशी आत जाताच ठकी फिस्कारली. मुलीचा चेहरा पडला, पण ती बसली आणि वाचत राहिली, आवाज थोडा कापत होता. तुम्ही सांगितलं तसं उठताना बशी ठेवायची. तिने स्वतःच एक वही केली, त्यात रोज एक ओळ. “आज फिस्कारली, एकदा.” “आज फिस्कारली नाही.” “आज खोक्यातून नाक बाहेर.” सव्विसाव्या दिवसाची ओळ अशी आहे: “आज मी पान उलटलं तेव्हा ती पळाली. पान हळू उलटायचं.” मला हे सुचलं नसतं.

मध्ये एकदा नवऱ्याच्या हातून चाव्यांचा जुडगा पडला आणि पूर्ण दिवस गेला. पण संध्याकाळी मुलगी बसली तेव्हा ती खोक्याच्या तोंडाशी आली होती. म्हणजे चाव्यांची भीती वेगळी आणि मुलीची वेगळी, आणि मुलीची सुटत चालली आहे, असं मी त्यातून घेतलं.

डॉक्टरांना विचारून फेरोमोनचा डिफ्युझरही (मांजराला निर्धास्त करणारा वास हवेत सोडणारं छोटं यंत्र) आतल्या खोलीत लावला आहे, आता दोन आठवडे होतील. त्याने किती फरक पडला आणि बाकीच्याने किती, मला वेगळं काढता येणार नाही.

परवा संध्याकाळी मी दाराच्या फटीतून बघत होते. मुलगी वाचत होती. ठकी खोक्यातून बाहेर आली, थांबली, उजवा पंजा उचलून पुन्हा खाली ठेवला. मग मुलीच्या पाठीमागे आली आणि तिच्या लोंबणाऱ्या वेणीचं टोक हुंगलं. बराच वेळ हुंगलं. मुलगी तेच वाक्य तीनदा वाचत होती, कारण तिला कळलं होतं आणि थांबायचं नव्हतं. ठकीने वेणीला गाल घासला. एकदाच. मग परत खोक्यात.

मुलगी ठरलेल्या वेळी उठली, बशी ठेवली, दार ओढलं आणि बाहेर येऊन माझ्याशी काही न बोलता वही उघडून बसली.

बाहेरच्या खोलीत ठकी रात्री सोफ्यापर्यंत येते. खिडकीत अजून चढलेली नाही. उंचावरच्या खिडकीपाशी फळी ठोकायची आहे, पण ठोकायचा आवाज नको म्हणून ती आम्ही मैत्रिणीच्या घरी जोडून घेतोय. इथे आणून नुसती टेकवायची, खाली रबर लावून. पडणार नाही ना, हे मी दहादा हलवून बघणार आहे.